फीचरचा माल कुठून आणायचा? सुरुवात रसवंतीच्या बाकावरून

पुरवणीत किंवा दिवाळी अंकात पहिल्यांदा लिहू पाहणारी मुलं भेटली की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "विषय आहे हो माझ्याकडे, पण मटेरियलच मिळत नाहीये." मग विषय काय, असं विचारलं की उत्तर येतं, "उसाचा रस." किंवा "एसटी." किंवा "जुनं पुणं." हा झाला मथळा. त्यात अजून प्रश्नच पडलेला नाही, म्हणून मटेरियल सापडत नाही. काय शोधायचं तेच ठरलेलं नसताना सापडणार काय?

खाली जे लिहितोय ते उसाच्या रसाचंच उदाहरण धरून. विषय साधा आहे, खिशाला परवडणारा आहे, आणि त्यात फसायच्या सगळ्या जागा आहेत.

आधी प्रश्न

उन्हाळ्यात राज्यातल्या कुठल्याही स्टँडाबाहेर उभं राहून पाट्या वाचा. कानिफनाथ रसवंती गृह. नवनाथ रसवंती गृह. गाव बदललं, जिल्हा बदलला, तरी पाटीवरचे नाथ तेच. थोडी चौकशी केलीत तर कळतं की यांतली बरीच दुकानं पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यातल्या, बोपगाव आणि त्याच्या आसपासच्या गावांतल्या कुटुंबांची आहेत. बोपगावच्या डोंगरावर कानिफनाथांचं देऊळ आहे, त्याचं नाव दुकानाला.

एवढं कळलं की बहुतेक जण लिहायला बसतात. इथे थांबायचं नाही, कारण खरा प्रश्न आत्ता कुठे सुरू होतो. पुरंदर हा पर्जन्यछायेतला तालुका. तिथलं नाव घेतलं की अंजीर आठवतं (पुरंदरच्या अंजिराला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं), सीताफळ आठवतं, वाटाणा आठवतो. ऊस आठवत नाही. मग पाण्याची ओढ असलेल्या गावातली माणसं भरपूर पाणी पिणाऱ्या पिकाच्या रसावर कशी काय जगायला लागली?

हा झाला प्रश्न. एका दमात विचारता येतो, शेजारी बसलेल्या माणसालाही त्यावर काहीतरी बोलावंसं वाटतं, आणि याचं उत्तर गुगलवर आयतं मिळत नाही. तुमचा प्रश्न या तीन कसोट्यांवर घासून बघा. तिसऱ्या कसोटीवर बहुतेक प्रश्न पडतात. पडू द्या, दुसरा शोधा.

प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. पुढच्या दोन महिन्यांत इतकी मजेशीर माहिती हाती लागेल की मूळ काय शोधत होतो ते विसरायला होतं. मी विसरलोय, एकदा नव्हे.

मग कॅलेंडर

हे कुठल्या पत्रकारितेच्या वर्गात शिकवत नाहीत. प्रत्येक विषयाला त्याचा हंगाम असतो आणि प्रत्येक अंकाला त्याचा, आणि दोन्हींची गाठ क्वचितच पडते. दिवाळी अंकाचे संपादक साधारण जून-जुलैत लेख ठरवायला लागतात. रसवंती महाशिवरात्रीच्या सुमारास जोर धरते आणि पाऊस पडला की बहुतेक ठिकाणी आवरली जाते. म्हणजे संपादकांचा होकार आल्यावर तुम्ही बॅग भरून निघालात, तर कुलूप लावलेल्या टपऱ्यांचे फोटो काढून परत याल.

म्हणून होकाराची वाट न बघता उन्हाळ्यातच पहिली खेप करा. दुसरी खेप आषाढात, गावाकडे. या दुसऱ्या खेपेबद्दल पुढे बरंच बोलायचंय, कारण माझ्या मते फीचर तिथेच तयार होतं. पहिल्या खेपेत सगळ्यांना मिळतं तेच तुम्हाला मिळतं.

घरबसल्या वाचन: दोन संध्याकाळी, जास्त नको

तयारीशिवाय जाऊ नये हे खरं. पण तयारीतच महिना घालवणारे लोक मी पाहिलेत. त्यांचा लेख शेवटी विश्वकोशातल्या नोंदीसारखा होतो. दोन संध्याकाळी पुरतात.

जिल्ह्याच्या गॅझेटिअरपासून सुरू करा. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा पुण्यावरचा अठरावा खंड तीन भागांत आहे, 1885 सालचा. त्यात पुरंदरची जमीन, पिकं, पाणी, बाजार असं सगळं सापडतं. ते साहेबाच्या नजरेतून लिहिलेलं आहे हे लक्षात ठेवून वाचा. जातींविषयीची वर्णनं तर जशीच्या तशी उचलूच नका. नंतरच्या काळासाठी राज्य शासनाच्या दर्शनिका (म्हणजे गॅझेटिअरच) विभागाचे खंड आहेत. आकड्यांसाठी 2011 च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका काढा. गावनिहाय लोकसंख्या, ओलिताखालची जमीन, शाळा, रस्ते सगळं त्यात मिळतं. जनगणना जुनी झाली म्हणून नाक मुरडू नका, फक्त साल लिहायला विसरू नका. शिवाय प्रत्येक जिल्ह्याचं 'सामाजिक व आर्थिक समालोचन' असतं, अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचं. फार कमी पत्रकार ते उघडून बघतात. रटाळ असतं, पण तालुकानिहाय तक्ते त्यातच सापडतात.

जुन्या वर्तमानपत्रांसाठी वाचनालयात जावं लागेल. पुणे नगर वाचन मंदिर (1848), ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय (1893), मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (1898) अशा संस्था आपल्याकडे आहेत, आणि छोट्या शहरांतल्या नगर वाचनालयांच्या माळ्यावरही बांधीव फायली असतात. जाण्याआधी फोन करा. फायली बघायला मिळतात का, फोटो काढू देतात का, आणि मुख्य म्हणजे ती बघणारा माणूस कोणत्या दिवशी असतो, ते विचारा.

शोधताना शब्दांचं भान ठेवा. आज आपण 'रसवंती' म्हणतो. पुण्या-मुंबईत जुनी माणसं 'रसाचं गुऱ्हाळ' म्हणतात, जाहिरातीत 'उसाच्या ताज्या रसाचे दुकान' असू शकतं. एकाच शब्दाने शोधलंत आणि काही सापडलं नाही, तर "त्या काळी रसवंत्या नव्हत्या" असा भलताच निष्कर्ष निघेल.

घरी बसून विषय जुळवण्यातला धोका याच उदाहरणात आहे. कानिफनाथ म्हटलं की वाचणाऱ्याला आधी सापडतं ते मढी. अहिल्यानगर जिल्ह्यात, पाथर्डी तालुक्यात. कानिफनाथांची समाधी तिथे, रंगपंचमीची मोठी यात्रा तिथे. टेबलावर बसून लेख लिहिणारा सरळ लिहून टाकेल की रसवंतीवाले मढीच्या नाथांचे भक्त, म्हणून हे नाव. वाक्य गुळगुळीत, पटण्यासारखं, आणि पत्ता दुसऱ्याच जिल्ह्यातला. बाकावर बसून एकदा "गाव कोणतं, काका?" एवढं विचारलं असतं तर काम झालं असतं.

पहिली खेप: वही खिशात

पहिल्या दिवशी मुलाखत घेऊ नका. रस घ्या. बाकावर बसा. दुपारी साडेबारा ते दोनमध्ये गेलात तर मालकाला बोलायला वेळच नसतो आणि तुम्हाला बघायला भरपूर असतं.

बघायचं म्हणजे काय, हे नव्याने लिहिणाऱ्याला कोणी सांगत नाही. "गजबजलेलं दुकान, थंडगार रस, घामाघूम माणसं" हे बघणं झालं नाही, हे न जाताही लिहिता येतं. हाताकडे बघा. ऊस चरकात पहिल्यांदा घालतो तो उजव्या हाताने की डाव्या? बाहेर आलेलं चिपाड दुमडतो तेव्हा त्यात आलं आणि लिंबू नेमकं कुठल्या फेरीला जातं? पेरं मध्ये आलं की चरकाचा आवाज बदलतो, तेव्हा तो ऊस थोडा मागे घेतो का? बर्फ गोणपाटात आहे की डब्यात, तो फोडायला काय वापरतात? उरलेलं चिपाड कुठे जातं, कोण उचलतं? ते न्यायला संध्याकाळी कुणी म्हशीवाला येत असेल तर त्याच्या मागे जा. लेखातला एक परिच्छेद त्याच्याकडे असेल.

आणि घुंगरं. चरकाच्या चाकाला बांधलेली घुंगरं रस्त्याच्या पलीकडून ऐकू येतात. ती का बांधतात, याचं उत्तर एक म्हणेल की पूर्वी लाकडी चरक बैल ओढायचे, त्यांच्या गळ्यातली ती आठवण. दुसरा म्हणेल, गिऱ्हाइकाला हाक मारायला. तिसरा म्हणेल, वडिलांनी बांधली होती म्हणून. या तिघांतून एक 'खरं' उत्तर निवडण्याची घाई करू नका. तिघांचंही लिहा, कोण काय म्हणालं त्यासकट. वाचकाला त्यातच गोडी असते.

मोजता येईल ते मोजा. तासाभरात किती ग्लास गेले, त्यात हाफ किती, फुल किती, 'बिनबर्फाचा' म्हणणारे किती. हॉटेलात बिल मांडतात तशा रेघा मारायच्या. एका मोळीतून किती ग्लास निघतात हे मालकाला विचारा आणि एका मोळीपुरतं स्वतः मोजून बघा. दोन आकडे जुळले नाहीत तर तो खोटं बोलतोय असं नव्हे. तो हंगामाची सरासरी सांगत असेल, तुम्ही मार्चमधला वाळका ऊस मोजला असेल. पण ही तफावत तुम्हाला पुढचा प्रश्न देते.

वही कशी ठेवायची

प्रत्येकाची पद्धत वेगळी. माझी सांगतो. दर नोंदीपुढे समासात एक अक्षर: 'पा', 'ऐ' किंवा 'वा'. पाहिलं, ऐकलं, वाचलं. ऐकलेल्यापुढे कोणाकडून, कुठे, किती तारखेला. इतकंच. चार महिन्यांनी लिहायला बसल्यावर 'दुकान तीन पिढ्यांचं' ही ओळ पाटीवर वाचली होती, मालक म्हणाला होता, की शेजारच्या पानवाल्याने सांगितलं होतं, हे आठवत नाही. आणि या तिघांचं वजन सारखं नसतं.

उजवं पान नोंदींचं, डावं पान तुमच्या मनात आलेल्या गोष्टींचं. दोन्ही एकत्र करू नका. रात्री झोपण्याआधी दिवसाची वही एकदा वाचून अर्धवट शब्द पुरे करा. दुसऱ्या दिवशी स्वतःचंच अक्षर लागत नाही.

रेकॉर्डिंग करायचं तर विचारून. आणि फोनवर विसंबू नका. चरक चालू असताना घेतलेल्या मुलाखतीत नंतर फक्त घुंगरं ऐकू येतात.

फोटो भरपूर काढा, पण नोंद म्हणून. पाटी, दरपत्रक, भिंतीवर लावलेलं अन्न नोंदणीचं प्रमाणपत्र, कॅलेंडर, देवाचा फोटो, वडिलांचा हार घातलेला फोटो. या भिंतीवर दुकानाचा अर्धा इतिहास टांगलेला असतो.

बोलतं करणं

दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी, गर्दी ओसरल्यावर. काका, मामा, दादा, ताई, जे तोंडात बसेल ते; पण तुम्ही कोण, कशासाठी लिहिताय, हे पहिल्या पाच मिनिटांत स्वच्छ सांगा. "सहज विचारतोय" म्हणून माहिती काढायची आणि मग ती छापायची, हे वाईट. शिवाय त्या माणसाच्या दारात पुन्हा जाता येत नाही.

"तुम्हाला या धंद्याबद्दल काय वाटतं?" असं विचारलंत की उत्तर येणार: "चांगलंय, देवाची कृपा." त्याऐवजी विचारा, "काल सकाळी किती वाजता उठलात? मग काय केलंत?" कालच्या दिवसाबद्दल माणूस खोटं बोलत नाही, आणि त्यातून ऊस कुठून येतो, बर्फ कोण आणतं, जेवण कोण करतं, झोपायचं कुठे, सगळं निघतं.

पैशाचं थेट विचारू नका. "महिन्याला किती सुटतात?" याचं उत्तर कोणीही खरं देत नाही, तुम्हीही देणार नाही. खर्चाचं विचारा. ऊस टनाला काय भावाने पडला, बर्फाची लादी केवढ्याला, जागेचं भाडं, पोराचा पगार, डिझेल की वीज. खर्चाबद्दल माणसं मनापासून बोलतात, तक्रारीच्या सुरात का होईना. हिशेब तुम्ही घरी मांडा.

सालं हा सगळ्यात निसरडा भाग. "धंदा कधी सुरू केला?" "लई वर्षं झाली." यावर ताणून धरू नका. सालाऐवजी घटना विचारा. "पानशेत फुटलं तेव्हा दुकान होतं का?" पुणेकराला हे अचूक आठवतं, म्हणजे 12 जुलै 1961 च्या आधी की नंतर ते कळलं. मुंबईतल्या माणसाला विचारा, "गिरणी संपाच्या वेळी?" म्हणजे 1982. कोयनेचा भूकंप डिसेंबर 1967, बहात्तरचा दुष्काळ, आणीबाणी, इंदिरा गांधींची हत्या 1984, किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993. अशा पाच-सहा खुंट्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा आणि त्या माणसाची आठवण त्यांतल्या दोन खुंट्यांमध्ये अडकवा. लग्न, थोरल्या पोराचा जन्म, घर बांधलं ते साल, याही खुंट्याच.

यातही एक खोच आहे. "चार आण्याला ग्लास होता तेव्हापासूनचं दुकान आहे आमचं." ऐकणारा तरुण पत्रकार म्हणतो, आणे 1957 साली दशमान नाणी येईपर्यंत होते, म्हणजे दुकान त्याआधीचं! नाही हो. पंचवीस पैशांना आपण पुढे कितीतरी वर्षं चार आणेच म्हणत होतो. ते नाणं 2011 साली चलनातून गेलं. 'दोन आणे' म्हणाला असता तर विचार करण्यासारखं होतं. भाषेतलं नाणं आणि खिशातलं नाणं एकाच दिवशी बंद होत नाही.

दुकानावर कोवळी पोरं काम करताना दिसली तर त्यांच्याशी माणसासारखं बोला, पण नाव, चेहरा, गाव छापू नका. ते पोरगं मालकाचा भाचा आहे की मजूर, चौदाच्या आतलं आहे की मोठं, हे नीट न कळता 'बालमजुरी' हा शब्द लिहूही नका आणि डोळेझाकही करू नका. हा वेगळाच लेख असू शकतो, आणि त्याची तयारी वेगळी असते.

कागद

माणसांच्या आठवणीला कागदाचा टेकू लागतो. रसवंतीच्या बाबतीत कागद कुठे असतील? स्टँडावरचा गाळा असेल तर एसटीच्या विभागीय कार्यालयात. फुटपाथवरची गाडी असेल तर नगरपालिकेच्या फेरीवाला नोंदीत. जुनी दुकानं असतील तर मालकाच्याच ट्रंकेत: पहिल्या वर्षाची वही, भाडेपावती, कुंकू लावलेलं पहिलं पान. ट्रंक उघडून घेण्यात जे यश आहे ते कुठल्याच सरकारी कार्यालयात नाही. पण त्यासाठी चार वेळा जावं लागतं.

सरकारी कागदांसाठी माहितीचा अधिकार आहे, 2005 चा कायदा. नव्याने अर्ज करणारे एकच चूक करतात: प्रश्न विचारतात. "स्थानकावर रसवंत्या कधीपासून आहेत व त्यांना प्राधान्य का दिले जाते?" अशा अर्जाला "सदर माहिती अभिलेखात उपलब्ध नाही" असं एका ओळीचं उत्तर येतं, आणि ते कायद्याला धरून असतं. 'का'चं उत्तर देणं जनमाहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही. त्याच्याकडे असलेला कागद मागा. "अमुक बसस्थानकावर रसवंतीसाठी दिलेल्या गाळ्यांची यादी, प्रत्येकाच्या करारनाम्याची तारीख, मुदत व भाडे, अमुक साल ते अमुक साल, नोंदवहीच्या प्रतींसह." असा अर्ज सहज फेटाळता येत नाही.

महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि शक्यतो दीडशे शब्दांची मर्यादा असते. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, किंवा शासनाच्या पोर्टलवरून ऑनलाइन. माहिती कशाला हवी हे सांगायची गरज नाही, कलम 6(2) बघा, आणि "आपण पत्रकार आहात का?" असं फोन करून विचारलं तर खरं सांगा, पण त्याने अर्जाच्या गुणवत्तेत फरक पडत नाही. चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला तर योग्य ठिकाणी पाठवायची जबाबदारी त्यांची, पाच दिवसांत. उत्तराची मुदत तीस दिवस. नाही आलं किंवा अपुरं आलं तर त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे तीस दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. दुसऱ्या अपिलाच्या भरवशावर दिवाळी अंक काढू नका; तिथली रांग लांब असते. म्हणूनच अर्ज कामाच्या पहिल्या आठवड्यात टाकायचा, मग बाकीची भटकंती.

आणखी एक: प्रती मागण्याऐवजी अभिलेख तपासणी मागता येते. पहिला तास फुकट. समोर फाईल आली की तिच्यात न मागितलेलंही बरंच असतं. हस्तलिखित तक्रारी, शेजारच्या गाळेवाल्याची हरकत, नकाशावर पेन्सिलीने मारलेली खूण. लेखाला चव अशा कागदांनी येते.

दुसरी खेप: गावाकडे, पावसात

आता दुकानं बंद आहेत. सासवडला उतरा, बोपगावला जा. डोंगरावरच्या कानिफनाथांच्या देवळात जायला एवढासा झरोका आहे, अंग चोरून सरपटत आत शिरावं लागतं. शहरातल्या पाटीवर जे नाव तुम्ही शंभर वेळा वाचलंत, त्याच्या दारातून आत जाताना कोपर खरचटतं. ही एक नोंद, 'पा' अक्षराची, कुठल्याही पुस्तकातून मिळत नाही.

पुरंदरमध्ये वही घेऊन फिरताना एक अडचण येते. या तालुक्यातल्या काही गावांत विमानतळाच्या भूसंपादनावरून बरीच वर्षं वातावरण तापलेलं आहे. अनोळखी माणूस वहीत काहीतरी लिहिताना दिसला की पहिला प्रश्न येतो, "मोजणीवाले का?" माझ्यावर आली होती ही वेळ, आणि चहा मिळायला दीड तास लागला. गावात शिरण्याआधी कुणा ओळखीच्याचा फोन करून ठेवा. उन्हाळ्यात ज्याच्या बाकावर बसला होतात, तोच उत्तम.

कारण तो आता इथे आहे. दुकानात घाईत असलेला माणूस ओसरीवर निवांत असतो. उन्हाळ्यात "देवाची कृपा" म्हणणारा आता सांगतो की भावाने वेगळं दुकान टाकलं तेव्हा पाटीवरच्या नावावरून काय झालं. तो कुठल्या गावात जाऊन दुकान लावतो, तिथे आधीच गावचा दुसरा असेल तर काय करतात, नवीन पोराला कोण घेऊन जातं, हे सगळं इथे कळतं. आणि इथे बायका आहेत. दुकानाच्या गोष्टीत त्या दिसत नाहीत, कारण पाच महिने त्या गावी शेत, जनावरं, म्हाताऱ्या सासूसासऱ्यांचं सगळं एकटीने ओढत असतात, किंवा शहरात एका खोलीत दहा माणसांचा स्वयंपाक करत असतात. पुरुष समोर बसलेले असताना विचारलंत तर उत्तर तेच देतील. तेव्हा जमलं तर बरोबर एखादी मैत्रीण किंवा सहकारी न्या. चुलीपाशी वेगळ्या गप्पा होतात. तिला विचारा, "ते गेल्यावर पहिल्या दिवशी घरात काय बदलतं?"

मूळ प्रश्न, अंजिराच्या गावात उसाचा रस कसा, तोही इथेच विचारायचा. आणि शेतात जाऊन विहिरीत वाकून बघायचं, पाणी किती खोल आहे ते.

एका भिंतीने केलेली फसगत

पडताळणीबद्दल सगळे सांगतात: दोन-तीन जणांकडून खात्री करा. मी केली होती. एका दुकानाच्या घराण्यावर लिहिताना तीन वेगवेगळ्या माणसांनी मला एकच साल सांगितलं, एकच प्रसंग सांगितला, जवळजवळ त्याच शब्दांत. तीन साक्षी मिळाल्या म्हणून मी खुशीत. लेख छापून आला. आठवड्याने त्याच घरातल्या एका आजींचा निरोप आला की साल सपशेल चुकलंय, त्या वर्षी तर त्यांचं लग्नही झालं नव्हतं.

परत गेलो. गल्ल्यामागच्या भिंतीवर एक लॅमिनेट केलेलं जुनं कात्रण होतं. कुठल्यातरी पुरवणीतला वीसेक वर्षांपूर्वीचा छोटा लेख. साल त्यात होतं, प्रसंग त्यात होता, शब्दसुद्धा त्यातले. घरातली तरुण मंडळी ते वाचतच मोठी झाली होती. माझ्या तीन साक्षी म्हणजे एकच कात्रण होतं, तीन तोंडांनी बोललेलं.

तेव्हापासून मी प्रत्येकाला एक जास्तीचा प्रश्न विचारतो: "हे तुम्हाला कोणी सांगितलं?" पाहिलं असेल तर "तेव्हा तुम्ही कुठे उभे होतात?" आणि भिंत आधी वाचतो. इंटरनेटवर दहा ठिकाणी तेच वाक्य दिसलं तरी हाच नियम: दहाही जणांनी एकाच ठिकाणाहून उचललेलं असतं. 'बहात्तरच्या दुष्काळात गाव सोडलं' हे तर इतकं सोयीचं वाक्य आहे की ज्याचं कारण आठवत नाही तो प्रत्येकजण तेच सांगतो. दुष्काळ खरा, त्याची झळ खरी. पण या घराने गाव तेव्हाच सोडलं का? शाळेचा दाखला बघा, शहरातलं जुनं रेशनकार्ड बघा. पोराचं नाव 1968 साली पुण्याच्या शाळेत असेल तर गाव आधीच सुटलं होतं.

थांबायचं कधी

नवीन माणसाच्या तोंडून तुम्हाला आधीच माहीत असलेलं ऐकू यायला लागलं, तो वाक्य सुरू करतोय आणि शेवट तुम्हाला ठाऊक आहे, असं सलग तीनदा झालं की वही मिटा. जमवलेल्यातलं फार तर एक दशांश लेखात जाईल. उरलेलं फेकू नका. तारीख टाकून ठेवून द्या.

लिहून झाल्यावर एक शेवटचा फोन. पूर्ण लेख वाचून दाखवायचा नाही, त्याने भलतेच घोळ होतात. फक्त वस्तुस्थिती: नावं, नाती, सालं, गावं, भाव. "मामा, तुमच्या वडिलांचं नाव असं लिहितोय, बरोबर ना? थोरले की धाकटे?" दहा मिनिटांच्या या फोनमध्ये दर वेळी किमान एक चूक निघते. बहुतेकदा नात्यातली.

आणि अंक निघाला की दोन प्रती घेऊन स्वतः जा, पोस्टाने पाठवू नका. एक तो घरी ठेवेल. दुसरीतलं तुमचं पान कापून, लॅमिनेट करून, गल्ल्यामागच्या भिंतीवर लावेल.